पुढे चाल

५ जुलै २०२५ रोजी आषाढ शुद्ध दशमी होती. या दिवशी सोलापूर जिल्ह्यातील माणसाचे लक्ष पंढरपूर सोडून दुसरीकडे असण्याचे काही कारण नसते. वाखरीचा तळ सोडून पालख्या निघालेल्या असतात, घरोघरी दुसऱ्या दिवशीच्या उपासाचा साबुदाणा भिजत पडलेला असतो, आणि ज्या घरात कुणी पोलीस खात्यात आहे त्या घरात चार दिवस एक ताट कमी वाढले जाते. मी मात्र त्या संध्याकाळी मोबाईल साखरेच्या डब्याला टेकवून ओट्यावर उभा केला होता आणि थायलंडमधील चिआंग माई येथे चाललेला फुटबॉलचा सामना, अडखळत येणाऱ्या चित्रासह, पाहत होते. एका बाजूला भारताचा महिला संघ होता आणि दुसऱ्या बाजूला यजमान थायलंड. जो जिंकेल तो मार्च २०२६ मध्ये ऑस्ट्रेलियात होणाऱ्या आशियाई चषक स्पर्धेला जाणार होता आणि हरणाऱ्याची वाट तिथेच संपणार होती.

सामन्यापूर्वीचे गणित विलक्षण होते. भारताने मंगोलियाला १३–०, तिमोर-लेस्तेला ४–० आणि इराकला ५–० असे हरवले होते. मंगोलियाविरुद्ध एकट्या प्यारी खाखाने पाच गोल केले होते. थायलंडनेही आपले तिन्ही सामने जिंकले होते, आणि दोन्ही संघांचे गुण तर सारखे होतेच, पण गोलफरकही सारखाच होता. कागदावर असा तराजू समतोल असला तरी प्रत्यक्षात पारडे थायलंडकडे झुकलेले होते, कारण हा संघ २०१५ आणि २०१९ असे दोन विश्वचषक खेळलेला होता, जागतिक क्रमवारीत भारताच्या बराच वर होता आणि मैदानही त्यांचेच होते. जुनी आठवण असणाऱ्यांना हेही ठाऊक होते की १९८३ मध्ये बँकॉकला याच स्पर्धेच्या अंतिम सामन्यात भारत याच थायलंडकडून हरला होता.

एकोणतिसाव्या मिनिटाला संगीता बासफोरने लांबून मारलेला चेंडू जाळ्यात गेला, तेव्हा मी इतक्या जोरात ओरडले की शेजारच्या काकू कुकरचे काही झाले का म्हणून विचारायला आल्या. मध्यंतरानंतर लगेच थायलंडने बरोबरी साधली. त्यानंतरची पंचवीसेक मिनिटे मी उभ्यानेच काढली. चौऱ्याहत्तराव्या मिनिटाला कॉर्नरवरून आलेल्या चेंडूला पुन्हा संगीतानेच डोके लावले, आणि सामना २–१ असा संपला. पात्रता फेरी खेळून आणि जिंकून भारताचा महिला संघ आशियाई चषकाला पोहोचण्याची ही पहिलीच वेळ होती.

रात्री साडेअकराच्या सुमारास फोन वाजला. पलीकडे माझी जुनी विद्यार्थिनी होती. ती आता पोलीस खात्यात आहे आणि त्या रात्री चंद्रभागेच्या वाळवंटात बंदोबस्तावर होती. मागे टाळमृदंगाचा आणि ध्वनिक्षेपकावर हरवलेल्या माणसांची नावे पुकारण्याचा आवाज येत होता. नमस्कार-चमत्कार काही न करता ती म्हणाली, “बाई, बगितलात काय? खेळून गेल्या बगा पोरी. पुढे चाल न्हाई.”

हे शेवटचे तीन शब्द फक्त आम्हा दोघींना आणि आणखी बारा-तेरा जणींना कळतील असे आहेत, म्हणून ते थोडे उलगडून सांगावे लागतील.

मी सोलापूरच्या पूर्व भागातील मुलींच्या एका शाळेत क्रीडाशिक्षिका होते. वर्गातील बहुतेक मुलींच्या घरी तेलुगू बोलले जाई, वडील यंत्रमागावर असत आणि आई विड्या वळत असे. विडीची मजुरी हजारावर मिळते, त्यामुळे घरातील हजार पुरा होण्यासाठी मुलींनाही शाळेतून गेल्यावर कात्री घेऊन तेंदूची पाने कापायला बसावे लागे. आमच्या सरावाची वेळ शाळेच्या वेळापत्रकावर नव्हे, तर पानांच्या भिजण्यावर ठरत असे. पाने भिजत घालून ती कापण्याजोगी होईपर्यंत जो तास-दीड तास मिळे, तेवढा आमचा. खो-खो आणि कबड्डी या शाळेच्या मानाच्या गोष्टी होत्या. फुटबॉल सुरू झाला तो कुणीतरी देणगी म्हणून दोन चेंडू दिले आणि ते कपाटात पडून राहणे मला बघवेना म्हणून.

२०१२ साली आम्ही पहिल्यांदा जिल्हास्तरावर प्रवेशिका भरली. मुलींच्या गटात आमच्याखेरीज दुसऱ्या एकाच शाळेचे नाव होते. ठरलेल्या दिवशी आमच्या मुली सकाळी सातलाच मैदानावर हजर होत्या. पायात एका मुलांच्या संघाकडून उसने आणलेले स्टडचे बूट होते, ते दोन-दोन आकड्यांनी मोठे होते, म्हणून पुढच्या बाजूला टॉवेलच्या कारखान्यातून आणलेल्या चिंध्या कोंबल्या होत्या. सोलापुरात त्या चिंध्यांना तोटा नाही, आणि टेरी टॉवेलचा तुकडा घाम टिपून घेतो हा त्यांचा आणखी एक गुण. दुसरा संघ आलाच नाही. पंचांनी घड्याळ पाहिले, पंधरा मिनिटे वाट पाहिली, आमच्या मुलींना मैदानात रांगेने उभे केले, एकदा शिट्टी वाजवली आणि सामनापत्रकावर आमच्या शाळेच्या नावापुढे दोन शब्द लिहिले: पुढे चाल. आम्ही जिल्ह्याचे विजेते झालो होतो. मुलींनी एकमेकींकडे पाहिले. टाळ्या वाजवायच्या की नाही, हे कुणालाच कळेना. आमच्या गोलकीपरने, म्हणजे जिचा पुढे पंढरपुराहून फोन आला तिने, हातमोजे काढता काढता विचारले, “बाई, मग आपण जिंकलो का?” मी हो म्हणाले. शिक्षकाच्या नोकरीत काही उत्तरे खोटी नसतात, पण पुरती खरीही नसतात.

विभागीय स्पर्धेसाठी आम्ही हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला गेलो. गाडीत शेंगाचटणी आणि कडक भाकरीचा चुरा झाला, गाणी झाली, कर्णधारीणबाईंना उलट्या झाल्या. दुपारच्या सामन्यात पहिल्या वीस मिनिटांत आमच्यावर पाच गोल झाले होते आणि शेवटी आकडा नऊवर थांबला. पण मला आकड्यापेक्षा दुसरी गोष्ट लागली. आमच्या पुढच्या फळीतील मुलगी प्रत्येक वेळी प्रतिस्पर्धी गोलकीपरच्या शेजारी जाऊन उभी राहायची आणि प्रत्येक वेळी पंचांची शिट्टी वाजायची. चेंडू पुढे दिला जाताना प्रतिस्पर्ध्यांच्या बचावफळीच्या पलीकडे उभे राहायचे नाही, हा ऑफसाइडचा नियम तिला पाठ होता, कारण मी तो फळ्यावर आकृती काढून शिकवला होता; मात्र अकरा मुलींची दुसरी फळी पुढे-मागे सरकताना तिने आयुष्यात कधी पाहिलीच नव्हती. आम्ही आपसात सात-सात जणी खेळत असू. समोर कुणीतरी उभे राहिल्याशिवाय जे शिकता येत नाही ते शिकण्याची जी एक संधी होती, जिल्ह्याचा तो सामना, ती आमच्याकडून ‘पुढे चाल’ या दोन शब्दांनी काढून घेतली होती. त्या दिवसापासून हे शब्द आमच्यात टोमण्यासारखे वापरले जाऊ लागले. कुणी न वाचता परीक्षेत पास झाली की पुढे चाल, पाहण्याच्या कार्यक्रमात मुलाने प्रश्नच विचारले नाहीत की पुढे चाल.

म्हणूनच २०२२ चा आशियाई चषक भारतात होणार, आणि तोही नवी मुंबई, अंधेरी आणि बालेवाडी अशा आपल्याच अंगणात, हे कळल्यावर आनंदाबरोबर मनात थोडी धास्तीही होती. यजमान म्हणून भारताला थेट प्रवेश होता. पात्रता फेरी नव्हती. पण हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे की त्या वेळची तयारी आमच्यासारखी फळ्यावरची नव्हती. स्वीडनचे थॉमस डेनरबी यांच्या मार्गदर्शनाखाली जमशेदपूरला मुलींचे शिबिर झाले, परदेश दौरे झाले आणि २५ नोव्हेंबर २०२१ रोजी हा संघ ब्राझीलमधील मानाउसला जाऊन थेट ब्राझीलशीच खेळला. फोर्मिगा या थोर खेळाडूचा तो निरोपाचा सामना होता. भारत १–६ असा हरला, पण तो एक गोल, मनीषा कल्याणचा, सुरुवातीच्या दहा मिनिटांतला, बरोबरी साधणारा, मी अजूनही अधूनमधून काढून पाहते. होशियारपूरकडची ही मुलगी पुढे सायप्रसच्या क्लबकडून युरोपातील महिला चॅम्पियन्स लीगमध्ये खेळणारी पहिली भारतीय ठरली.

एवढे सगळे करून संघ नवी मुंबईत उतरला. २० जानेवारी २०२२ रोजी इराणशी ०–० अशी बरोबरी झाली. २३ तारखेला चायनीज तैपेईशी, म्हणजे तैवानशी, सामना होता. त्याआधीच शिबिरात करोनाने शिरकाव केला, नियमाने लागणाऱ्या तेरा खेळाडू उभ्या राहू शकल्या नाहीत, आणि भारताने स्पर्धेतून माघार घेतली असे धरले गेले. इराणशी झालेली बरोबरीही रद्दबातल ठरली, म्हणजे नोंदवहीत त्या संघाच्या नावे एक मिनिटाचा खेळसुद्धा उरला नाही. ज्या दाराने न खेळता आत आलो त्याच दाराने न खेळता बाहेर गेलो, असे मी तेव्हा कुणालातरी म्हणाले होते. आज ते वाक्य मला निर्दय वाटते. त्या मुलींनी वर्षभर घाम गाळला होता आणि आजार काही पात्रता पाहून येत नाही.

शिवाय पुढे चाल मिळणे ही भारतीय फुटबॉलला नवी गोष्ट नाही, आणि तिचा परिणाम दर वेळी वाईटच झाला असेही नाही. १९५० च्या विश्वचषकासाठी भारत पात्र ठरला तो गटातील इतर संघांनी माघार घेतल्यामुळे, आणि मग भारत ब्राझीलला गेलाच नाही. १९६४ च्या आशियाई चषकाला पुरुषांचा संघ पोहोचला तोही पात्रतेचा एकही सामना न खेळता. तिथे मात्र चार संघांत उपविजेतेपद मिळवून आला, आणि आजवर पुरुष संघाची या स्पर्धेतील तीच सर्वोत्तम कामगिरी आहे. महिलांचा इतिहासही सांगण्यासारखा आहे. आशियाई महिला स्पर्धा सुरुवातीला फुटबॉल महासंघाच्या छत्राखाली नव्हती. महिलांची वेगळी संघटना ती भरवीत असे. त्या काळात, १९८० मध्ये कालिकतला भारताच्या मुली अंतिम फेरीत तैवानकडून हरल्या आणि १९८३ मध्ये बँकॉकला पुन्हा उपविजेत्या ठरल्या. २००३ नंतर मात्र, यजमानपदाची ती अर्धवट जानेवारी सोडली तर, दार बंदच राहिले. पात्रता फेऱ्या आल्या आणि आपण त्यांत अडकत गेलो.

चिआंग माईचे यश मला म्हणूनच त्या दोन गोलांपेक्षा आधीच्या दोन महिन्यांत जास्त दिसते. बंगळुरूला मुलींचे दीर्घ शिबिर झाले. मे-जूनमध्ये उझबेकिस्तानशी दोन सराव सामने झाले आणि भारताने ते दोन्ही एकेका गोलाने गमावले. तेव्हा वर्तमानपत्रांत त्यांना चार ओळी मिळाल्या असतील. प्रशिक्षक क्रिस्पिन छेत्री यांना मात्र त्या दोन पराभवांतून जे हवे होते ते मिळाले असावे, कारण थायलंडविरुद्ध बरोबरीनंतर संघ ज्या रीतीने मागे न सरकता पुन्हा पुढे गेला, ते केवळ मंगोलियावर तेरा गोल करून अंगी येत नाही. कठीण प्रतिस्पर्ध्याकडून थोडक्यात हरण्याची सवय हाही तयारीचा भाग आहे, असे म्हणायला मी आता धजते.

त्यानंतरच्या तयारीविषयी मात्र मला पूर्ण समाधान नाही. ऑस्ट्रेलियातील स्पर्धा १ ते २१ मार्च २०२६ अशी आहे. भारताच्या गटात जपान, व्हिएतनाम आणि चायनीज तैपेई आहेत. ४ मार्चला पर्थमध्ये व्हिएतनाम, ७ मार्चला तिथेच जपान आणि १० मार्चला सिडनीत चायनीज तैपेई. जपान २०११ चा जगज्जेता आहे आणि व्हिएतनाम २०२३ चा विश्वचषक खेळलेला आहे. बारा संघांच्या या स्पर्धेत उपांत्य फेरी गाठणारे चार संघ थेट ब्राझीलमधील २०२७ च्या विश्वचषकाला जाणार आहेत, आणि तीन गटांतील दोन सर्वोत्तम तिसऱ्या संघांनाही उपांत्यपूर्व फेरीत जागा आहे. म्हणजे गटात एक सामना नीट जिंकला तरी वाट उघडी राहू शकते. अशा वेळी जुलै ते मार्च या आठ महिन्यांत बलाढ्य संघांशी सामन्यांची रांग लागायला हवी होती. ऑक्टोबरमध्ये शिलाँगला इराण आणि नेपाळ यांच्याशी सामने झाले, त्यांचे निकाल मनासारखे लागले नाहीत. मग स्पर्धेच्या तोंडावर मुख्य प्रशिक्षकपद कोस्टा रिकाच्या अमेलिया व्हाल्वेर्दे यांच्याकडे आले. त्यांनी आपल्या देशाला दोन विश्वचषकांना नेलेले आहे, त्यांच्या योग्यतेबद्दल शंका घेणे मला शोभणार नाही. तरीही अक्षता पडायच्या आदल्या दिवशी आचारी बदलला की कितीही नामांकित आचारी असला तरी त्याला कुठल्या चुलीला जाळ जास्त लागतो हे शोधण्यातच सकाळ घालवावी लागते.

मला सर्वांत जास्त वाट आहे ती १० मार्चची. २३ जानेवारी २०२२ ला जो सामना झालाच नाही, तोच प्रतिस्पर्धी, आणि १९८० मध्ये कालिकतला ज्यांच्याकडून अंतिम सामना गमावला, तेही हेच. निकाल काहीही लागो, या वेळी सामनापत्रकावर गोल लिहिले जातील, इतर शब्द नाहीत.

पुरुषांविषयी मी फारसे लिहीत नाही. २०२७ च्या आशियाई चषकाच्या पात्रता फेरीत त्यांना शिलाँगला बांगलादेशने बरोबरीत रोखले, हाँगकाँगने हरवले आणि ऑक्टोबरमध्ये मडगावला सिंगापूरकडून १–२ असे हरल्यावर विषय संपला. त्याच वर्षात ऑगस्टमध्ये वीस वर्षांखालील मुलींनी यांगूनला म्यानमारला १–० असे हरवून, आणि ऑक्टोबरमध्ये सतरा वर्षांखालील मुलींनी बिश्केकला उझबेकिस्तानवर २–१ असा विजय मिळवून आपापल्या आशियाई स्पर्धांत जागा मिळवली. एका वर्षात मुलींचे तीन संघ, तिघेही खेळून. आमच्या गल्लीत अजूनही “फुटबॉल कुठं जमतंय आपल्याला” असे म्हणणारे आहेत. त्यांना मी हल्ली फक्त तारखा सांगते.

मी निवृत्त झाले तरी शाळेतील आत्ताच्या क्रीडाशिक्षिका अधूनमधून मला बोलावतात. यंदाच्या जिल्हा स्पर्धेत समोर संघ होता. दुसऱ्या फेरीत आम्ही १–२ असे हरलो. आमच्या मुलींनी दोनदा मागची फळी एकदम पुढे सरकवून ऑफसाइडचा सापळा रचला, एकदा तो फसला आणि त्यातूनच दुसरा गोल बसला. परत येताना रिक्षात तीन मुली त्या एका गोलावरून सात रस्त्यापर्यंत भांडत होत्या, कोण उशिरा पुढे सरकली यावर. मी मध्ये पडले नाही.

सराव अनेकदा होम मैदानावर होतो. बाहेरगावच्या माणसाला वाटते की हे ‘होम’ म्हणजे इंग्रजीतले, आपले स्वतःचे मैदान. वस्तुतः ते होमहवनातले होम आहे, संक्रांतीला सिद्धरामेश्वरांच्या यात्रेतील होमविधी तिथे होतो. जानेवारीत नंदीध्वज येऊन जातात, आणि नंतर गड्ड्याची जत्रा भरते: पाळणे, मौत का कुआँ, भांड्यांची आणि खेळण्यांची दुकाने, भाग्यश्री वडा. जत्रा कुणाला आवडत नाही? मलाही आवडते. पण ती उठल्यावर मैदानात तंबूंचे खिळे, पत्र्याचे तुकडे आणि बांगड्यांच्या काचा राहतात, आणि त्यावर मुलींना पळवायचे म्हणजे पायाशी खेळ. ऑस्ट्रेलियाला निघालेल्या मुलींची तयारी ज्या आठवड्यांत शेवटच्या टप्प्यात येते, नेमक्या त्याच आठवड्यांत आमची तयारी खिळे वेचण्याची असते.

यंदा त्या कामाला आमची जुनी गोलकीपर आली. सुट्टी होती म्हणाली. जुन्या लाउडस्पीकरमधले मोठे लोहचुंबक तिने कुठूनसे मिळवले होते आणि सुतळीला बांधून ते ती जमिनीवरून ओढत चालत होती. दर दहा पावलांवर थांबून चिकटलेले खिळे बोटांनी सोडवायचे, तुपाच्या रिकाम्या डब्यात टाकायचे, पुन्हा चालायचे. तिच्यामागे सहावी-सातवीतील मुली ओळीने वाकून काचा वेचत होत्या. ऊन चढू लागले तेव्हा डबा अर्ध्याच्या वर भरला होता. एक मुलगी तिला म्हणाली, ताई, द्या ना, आता मी ओढते. तिने मैदानाचा मधला पट्टा त्या मुलीला दिला, दोन्ही कडा इतरांना वाटून दिल्या. गोलसमोरची जागा मात्र तिने कुणालाही करू दिली नाही. गुडघ्यांवर बसून, चुंबक बाजूला ठेवून, ती स्वतः हाताने चाचपत राहिली.